टाच टेकते तेव्हा

चवड्यांवर चालणाऱ्या मुलाच्या घरात दिवसभर सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारे वाक्य म्हणजे ‘टाच टेकव’. स्वयंपाकघरातून आई म्हणते, झोपाळ्यावरून आजोबा म्हणतात, बालवाडीत बाई म्हणतात. मूल टाच टेकवते, चार पावले नीट टाकते आणि दाराशी पोहोचेपर्यंत पुन्हा चवड्यांवर येते. काही दिवसांनी सांगणाऱ्याचा आवाज चढतो. काही महिन्यांनी घरातले एक माणूस ‘जित्याची खोड’ म्हणून हात टेकते आणि दुसरे ‘मोठा झाला की सुटेल’ म्हणून विषय मिटवते. प्रस्तुत पुस्तिका या दोघांनाही थोडे थांबायला सांगते. तिचे म्हणणे असे की, मुलाचे चवड्यांवर चालणे जितपत सवयीचा भाग असेल तितपत ते सवयीच्या नियमांनी बदलता येते. आणि त्या नियमांत पहिला हा, की चुकलेल्या पावलाला टोकून फारसे साधत नाही; नीट पडलेल्या पावलाला, ते पडते त्याच क्षणी, मुलाला आवडेल असे काहीतरी मिळावे लागते. हे ऐकायला साधे आहे. एखाद्या मुलाचे चालणे कितपत सवय आहे आणि कितपत स्नायूचा किंवा मज्जासंस्थेचा प्रश्न आहे, हे ठरवणे मात्र साधे नाही, आणि या प्रस्तावनेचा बराचसा भाग त्यातच जाणार आहे.

चालायला शिकणारे मूल काही काळ चवड्यांवर चालते, त्यात काळजीचे कारण नसते. डेव्हिड सदरलँड आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या चालीच्या विकासावरचा आपला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध केला. पाऊल टाकताना आधी टाच टेकण्याची ढब दीड-दोन वर्षांच्या सुमारास बसत जाते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत मोठ्या माणसाच्या चालीची बहुतेक लक्षणे मुलात दिसू लागतात, असे त्यावरून म्हणता येते. त्यानंतरही मूल दोन्ही पायांनी चवड्यांवरच चालत राहिले आणि तपासणीत काहीही सापडले नाही, तर डॉक्टर त्याला ‘इडिओपॅथिक टो वॉकिंग’ म्हणतात. कागदावर हे निदान दिसते. प्रत्यक्षात ‘बाकीची कारणे तपासली, त्यांपैकी एकही नाही’ एवढाच त्याचा अर्थ. १९६७ साली हॉल, सॉल्टर आणि भल्ला या शल्यविशारदांनी अशा मुलांचे वर्णन केले तेव्हा टाचेमागची शीर जन्मतःच आखूड असल्याचे मानले होते. दहा वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच प्रकारच्या मुलांबद्दल ‘सवयीने चवड्यांवर चालणारी’ अशी मांडणी झाली. आजही शल्यविशारदाला शीर दिसते, ऑक्युपेशनल थेरपिस्टला स्पर्शाची संवेदना दिसते आणि वर्तनतज्ज्ञाला सवय दिसते. तिघांपुढे मूल एकच असते, आणि बहुधा तिघांनाही त्यातले काही ना काही खरेच दिसत असते.

म्हणूनच वर्तनाचा विचार सुरू करण्यापूर्वी मूल तपासून घेणे ही औपचारिकता नव्हे. एकाच पायाचा चवडा वापरला जात असेल तर सवयीची शंका जवळजवळ सोडूनच द्यावी. सौम्य सेरेब्रल पाल्सी, दोन्ही पायांच्या लांबीतला फरक किंवा नितंबाच्या सांध्याचा दोष आधी पाहावा. आधी व्यवस्थित टाच टेकवून चालणारे मूल चार-पाच वर्षांचे झाल्यावर चवड्यांवर येऊ लागले, किंवा त्याबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूची तपासणी लागते. आणि मुलगा असेल, पोटऱ्या वयाच्या मानाने गलेलठ्ठ दिसत असतील, जमिनीवरून उठताना तो हात स्वतःच्या मांड्यांवर ठेवत ठेवत वर येत असेल, तर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीची शंका घेऊन रक्तातली सीपीके तपासणी त्याच आठवड्यात करायला हवी. या आजारात मांडीचे आणि नितंबाचे स्नायू दुबळे झालेले असतात, आणि चवड्यांवर येणे ही तोल सांभाळण्यासाठी शरीराने शोधलेली सोय असते. अशा मुलाला टाच टेकवल्याबद्दल बक्षीस देणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे. वर्तनाच्या पद्धतीने कोणाचे खरे नुकसान होऊ शकत असेल तर ते इथे. पद्धत वाईट असते म्हणून नव्हे, ती चुकीच्या मुलावर वापरली जाते म्हणून.

स्नायूचे पाहायचे तर पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. गॅस्ट्रोक्नेमिअस गुडघ्याच्या वरून निघतो, सोलिअस गुडघ्याच्या खालून. पुढे दोघांची मिळून एकच जाड शीर टाचेला जाऊन मिळते. गुडघा वाकवला की गॅस्ट्रोक्नेमिअस सैल पडतो. त्यामुळे आपल्याकडे हमखास दिला जाणारा दाखला, ‘तो उकिडवा बसतो, टाचाही टेकतात, म्हणजे शीर मोकळी आहे’, हा अर्धाच खरा. उकिडवे बसताना गुडघा पूर्ण दुमडलेला असतो, म्हणून सोलिअसची लांबी कळते. गॅस्ट्रोक्नेमिअसची कळत नाही. चालताना तर पुढे पडणाऱ्या पायाचा गुडघा सरळ असतो. तेव्हा मुलाला उताणे निजवून, गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे किती येते हे फिजिओथेरपिस्टने मोजले पाहिजे. सहज चालीसाठी काटकोनाच्या पलीकडे दहा अंशांच्या आसपास मोकळीक लागते. पाऊल काटकोनापर्यंतही येत नसेल, तर बक्षीस म्हणून आकाशातला चंद्र दाखवला तरी टाच जमिनीला लागणार नाही. लागलीच तर मूल पाऊल बाहेर फिरवून किंवा गुडघा मागे ढकलून ती लावेल, आणि एक खोड घालवताना दुसरी पदरी पडेल. अशा मुलाला आधी ताणाचे व्यायाम, रात्रीचे स्प्लिंट, गरज पडली तर काही आठवडे बदलत जाणारे प्लास्टर आणि क्वचित शस्त्रक्रिया लागते. पण याची उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. स्नायू ज्या लांबीत रोज वापरला जातो त्या लांबीला रुळतो. सवयीने चवड्यांवर चालणाऱ्या मुलाची पोटरी वर्षानुवर्षे आखडलेल्या स्थितीत काम करते, आणि सवय म्हणून सुरू झालेली गोष्ट शेवटी शरीराची रचना बनते. प्लास्टर काढल्यावर अनेक मुले पुन्हा चवड्यांवर येतात, त्याचेही एक कारण हेच असावे की स्नायू लांबवला गेला, पण चालण्याची घडी होती तीच राहिली. स्नायू आणि सवय यांतले एकच निवडून भागत नाही, असे मला वाटते ते यासाठी.

आता ‘मोठा झाला की सुटेल’ या आक्षेपाकडे येऊ, कारण त्याच्या बाजूने भक्कम पुरावा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. स्वीडनमध्ये एंगस्ट्रॉम आणि टेड्रॉफ यांनी साडेपाच वर्षांच्या १,४३६ मुलांची पाहणी केली. २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांतली ४.९ टक्के मुले कधी ना कधी विनाकारण चवड्यांवर चाललेली होती. साडेपाच वर्षे होईपर्यंत त्यांतली निम्म्याहून अधिक मुले ते सोडून मोकळी झाली होती, २.१ टक्के मुले अजून तशीच चालत होती. कधी ना कधी चवड्यांवर चाललेल्या या सगळ्या मुलांचा मागोवा पुढे दहाव्या वर्षापर्यंत घेतला तेव्हा ७९ टक्के मुलांची चाल आपोआप सुधारलेली आढळली. म्हणजे ज्याचा बाकी विकास वेळेवर होतो आहे, ज्याचा घोटा मोकळा आहे, अशा अडीच वर्षांच्या मुलामागे घड्याळ, वही आणि खाऊचा डबा घेऊन लागणे हा शुद्ध उतावळेपणा ठरेल. ही पुस्तिका त्या मुलासाठी नाही, आणि तिच्या लेखकांनी हे पहिल्याच प्रकरणात स्पष्ट केले आहे, याचे मला समाधान वाटते. पण त्याच स्वीडिश पाहणीत दुसरा एक आकडा आहे: ज्या मुलांच्या विकासात विलंब होता किंवा स्वमग्नतेसारखे निदान झालेले होते, त्यांच्यात चवड्यांवर चालण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांच्या घरात होते. तो गट लहान होता हे खरे. मात्र २०१९ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय नोंदींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही कल तोच दिसतो. उपचार न घेता दहा वर्षांच्या काळात चवड्यांवर चालत राहिलेल्या मुलांचे प्रमाण इतर मुलांत सुमारे १९ टक्के होते, तर स्वमग्न मुलांत सुमारे ६४ टक्के. वाट पाहण्याचा सल्ला सगळ्यांना एकसारखा देता येत नाही, तो यामुळे. वर्तनाच्या पद्धतींवरचे बहुतेक प्रयोग स्वमग्न मुलांबरोबर झाले, तेही योगायोगाने नव्हे.

मग ‘टाच टेकव’ का लागू पडत नाही? पहिले म्हणजे, ते चुकीच्या पावलानंतर येते. नीट पडलेल्या वीस पावलांना घरात कोणीही काही म्हणत नाही. एकविसाव्याला सगळे घर बोलते. मुलाच्या बाजूने पाहिले तर चवड्यांवर आले की माणसे आपल्याकडे वळतात, एवढाच हिशेब त्याच्या हाती लागतो. दुसरे म्हणजे, ही सूचना मुलाला काय करायचे ते सांगते, पण जमले की नाही हे त्याला स्वतःला कळेल असे काही देत नाही. पायाखाली काय घडते आहे याची जाणीव या मुलांना अनेकदा वेगळी असते. टाच टेकली आहे की नाही याची नेमकी बातमी त्यांना बाहेरून मिळावी लागते. ही बातमी आवाजाच्या रूपाने द्यावी, ही कल्पना जुनीच आहे. १९८० साली कॉनरॅड आणि ब्लेक यांनी बुटात टाचेखाली एक कळ बसवून टाचेचा दाब पडला की आवाज येईल अशी व्यवस्था केली आणि चवड्यांवर चालणाऱ्या मुलांवर ती वापरून पाहिली. पुढे गेटस्पॉट नावाचे टाचेला चिकटवायचे छोटे वाजणारे तुकडेही वापरले गेले. आपल्याकडे जत्रेत आणि चपलांच्या दुकानांत मिळणारे पीं-पीं वाजणारे बूट सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांचे तत्त्व हेच. पण घेताना एक पाहावे: बोटाने आधी टाचेखाली आणि मग चवड्याखाली दाबून बघावे. फक्त टाचेखाली दाबल्यावर वाजत असेल तर तो बूट कामाचा. चवड्याखालीही वाजत असेल तर तो नुसता गोंगाट. याच न्यायाने मुलीच्या पायातले पैंजण कितीही गोड वाजले तरी या कामी निरुपयोगी, कारण ते प्रत्येक पावलाला वाजतात, टाच टेको वा न टेको. आवाज मुलाला आवडतो की नाही हा प्रश्न नंतरचा. तो कशानंतर येतो आणि कशानंतर येत नाही, यावर सगळी पद्धत उभी आहे.

आवाजाच्या जोडीला दुसरा धागा येतो तो सवयी मोडण्याच्या शास्त्रातून. नेथन ॲझ्रिन आणि आर. ग्रेगरी नन यांनी १९७३ साली नखे खाणे, चेहरा वेडावाकडा करणे यांसारख्या सवयींसाठी ‘हॅबिट रिव्हर्सल’ ही रीत मांडली: आधी सवय घडताना ती ओळखायला शिकायचे, मग तिच्या जागी तिच्याबरोबर एकाच वेळी करता येणार नाही अशी दुसरी हालचाल करायची, आणि घरच्यांनी त्या प्रयत्नाला दाद द्यायची. चवड्यांच्या बाबतीत ही दुसरी हालचाल आयतीच हाताशी आहे, कारण टाच टेकलेली असताना चवड्यांवर चालता येत नाही. मार्कस आणि सहकाऱ्यांनी २०१० साली टाचेचे वाजणारे तुकडे आणि हॅबिट रिव्हर्सलचे सोपे रूप एकत्र करून काही स्वमग्न मुलांचे चवड्यांवर चालणे कमी केले. २०१४ मध्ये पर्सिकी, जॅक्सन आणि ॲडम्स यांनी चार वर्षांच्या एका मुलाबरोबर एक प्रश्न अधिक बारकाईने तपासला: चुकीचे पाऊल थांबवून दुरुस्त करायला लावणे पुरेसे आहे, की नीट पावलाला शाबासकीचा ठरावीक ‘क्लिक’ आवाजही हवा? दुरुस्तीला क्लिकची जोड मिळाली तेव्हाच गाडी खरी पुढे सरकली. माझ्या मते या सगळ्या साहित्यातला हा सर्वांत उपयोगी निष्कर्ष आहे, कारण आपल्या घरांत दुरुस्ती भरपूर असते आणि क्लिक कुठेच नसतो. विल्डर आणि सहकाऱ्यांच्या २०२० सालच्या कामात टाचेच्या आवाजाला आवडत्या खाऊची जोड दिलेली आहे. शिंपले, मणी किंवा डब्यात पडणारा चिंचोका यांनीही तेच काम होऊ शकते. फक्त वस्तू मुलाच्या आवडीची असावी, आईच्या नव्हे.

या पद्धतीवरचा पहिला आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो खरा आहे. यातल्या बहुतेक प्रयोगांत एक, दोन किंवा तीन मुले आहेत. एवढ्या मुलांवरून काय सिद्ध होणार, असे कोणीही विचारील. याचे अर्धे उत्तर असे की, या प्रयोगांची रचना वेगळ्या प्रकारची असते. एका मुलाची पावले आधी काही दिवस कोणताही उपाय न करता मोजतात, मग उपाय सुरू करतात, मग मुद्दाम थांबवतात, मग पुन्हा सुरू करतात. उपाय सुरू असताना चाल सुधारली, थांबवताच बिघडली आणि पुन्हा सुरू करताच सुधारली, तर मूल वाढत गेल्यामुळे किंवा आपोआप तसे झाले असे म्हणायला जागा उरत नाही. त्या मुलापुरते कारण आणि परिणाम यांचे नाते पक्के होते. उरलेले अर्धे उत्तर मात्र आपल्या विरुद्ध जाते: तेच सगळ्यांना लागू पडेल हे अशा प्रयोगांवरून कळत नाही, आणि सुधारणा दोन वर्षांनी टिकली का, हेही बहुतेक वेळा कळत नाही. तेव्हा या पद्धतीला सिद्ध उपचार म्हणू नये, आशादायक आणि कमी धोक्याचा उपाय म्हणावे. पण हीच कसोटी बाकीच्या उपायांनाही लावायला हवी. कॉक्रेन संस्थेने २०१९ मध्ये विनाकारण चवड्यांवर चालण्यावरच्या उपचारांचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे चारच अभ्यास सापडले, त्यांत मिळून १०४ मुले होती, आणि पुराव्याची खात्री अत्यंत कमी ठरली. स्वीडनमध्येच ४७ मुलांवर झालेल्या चाचणीत प्लास्टरच्या जोडीला बोटॉक्सचे इंजेक्शन देऊन वेगळा फायदा दिसला नाही. तो निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. प्लास्टरला, सुईला आणि शस्त्रक्रियेला भक्कम पुरावा आहे आणि वर्तनाच्या पद्धतीला तेवढा नाही, अशी समजूत असेल तर ती काढून टाकावी. पुरावा सगळीकडेच अपुरा असताना आधी स्वस्त आणि केव्हाही मागे घेता येईल असा उपाय करून पाहणे, आणि तो मोजून पाहणे, मला शहाणपणाचे वाटते.

खाऊची लालूच लावून मूल बिघडते, हा दुसरा आक्षेप आजी-आजोबांच्या तोंडून हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण ते बक्षीस देण्यात नाही, ते कधीच कमी न करण्यात आहे. सुरुवातीला प्रत्येक नीट पावलाला क्लिक, मग तीन पावलांना एक, मग दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत नीट चालून आल्यावर एक, मग फक्त आईच्या चेहऱ्यावरचे हसू, असा उतार आधीच ठरवून ठेवावा लागतो. हा उतार ठरलेला नसेल तर खाऊ संपला की चालही संपते. रागाच्या धाकाने चालवलेल्या मुलाचेही तेच होते, फक्त तिथे धाक संपायची वाट पाहावी लागते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. प्रौढ झालेली अनेक स्वमग्न माणसे आज सांगतात की, लहानपणी त्यांच्या ज्या हालचाली मोडल्या गेल्या त्या त्यांच्यासाठी मनाला शांत करणाऱ्या होत्या. आणि मोडणाऱ्यांना बघणाऱ्याच्या डोळ्यांची अधिक फिकीर होती, मुलाच्या पायांची कमी. या तक्रारीला इतिहास आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत ‘ओव्हरकरेक्शन’ या नावाखाली चुकीबद्दल मुलाकडून योग्य कृती पुन्हापुन्हा जबरदस्तीने करून घेतली जाई, आणि चवड्यांवर चालणेही त्यातून सुटले नव्हते. ती रीत आज निषिद्ध मानावी, असे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. पण उत्साहाच्या भरात, नाचताना, ओल्या वाळूवर चवड्यांवर येणारे मूल आणि दिवसाची नव्वद टक्के पावले चवड्यांवर टाकून घोट्याची मोकळीक गमावत चाललेले मूल, ही दोन वेगळी मुले आहेत. पहिल्याला हात लावण्याचे कारण नाही. ते केवळ विचित्र दिसते हे कारण होऊ शकत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हस्तक्षेप न करण्याचीही किंमत आहे, आणि पुढे पोटरीची शीर लांबवण्याच्या शस्त्रक्रियेच्या रूपाने ती मुलालाच मोजावी लागू शकते. या दोन टोकांमधली एक वाट हॉजेस, विल्डर आणि एर्टेल यांच्या २०१८ सालच्या कामात सापडते. त्यांनी एका स्वमग्न मुलासाठी रंगीत खुणांनी वेळा वाटून दिल्या: एका रंगाच्या वेळेत टाच टेकवून चालायचे, दुसऱ्या रंगाच्या वेळेत हवे तसे. चवड्यांवरचे चालणे समूळ उपटून टाकण्यापेक्षा त्याला जागा नेमून देणे हे अधिक माणुसकीचे आहे, आणि घोट्याला जेवढे टाचेवरचे चालणे हवे असते तेवढे यातून मिळूही शकते.

वर्तनाच्या पद्धतीचे हे बहुतेक प्रयोग बूट घालून घरात वावरणाऱ्या समाजांत झाले, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. आपल्याकडे चपला उंबऱ्याबाहेर राहतात, आणि मुलाचे बहुतेक चालणे गुळगुळीत टाइल्सवर किंवा थंडगार शहाबादी फरशीवर अनवाणी होते. काही मुले बूट घातल्यावर टाच टेकवतात आणि अनवाणी झाली की लगेच चवड्यांवर येतात. त्यांच्यासाठी बुटातला आवाज म्हणजे अर्धीच सोय. घरात घालायचे हलके, मागे पट्टा असलेले सँडल वेगळे ठेवणे, किंवा आवाजाचे काम माणसाने हातातल्या क्लिकरने करणे, असे पर्याय पुस्तिकेत सविस्तर आले आहेत. वॉकरबद्दल मात्र थोडे सांगितले पाहिजे. मागून ढकलत चालायचा लाकडी पांगुळगाडा आणि मुलाला मध्ये बसवायचा चाकांचा गोल वॉकर यांत फरक आहे. गोल वॉकरमध्ये मूल लोंबकळत चवड्यांनी जमीन ढकलते आणि वेगाने जिन्यापर्यंत पोहोचते. कॅनडाने २००४ साली त्यावर बंदीच घातली. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. आजीच्या माळ्यावर पांगुळगाडा असेल तर तो खाली काढावा, आणि भेट म्हणून आलेला वॉकर माळ्यावर चढवावा.

मोजणी हा भाग अनेकांना कंटाळवाणा वाटेल, पण तो टाळून चालणार नाही. चवड्यांवर चालणाऱ्या बऱ्याच मुलांचे वैशिष्ट्य असे की, सांगितले की ती काही पावले अगदी नीट टाकतात. दवाखान्यात डॉक्टर ‘चाल बघू’ म्हणतात, मूल शहाण्यासारखे चालून दाखवते आणि आई खोटी पडते. म्हणून मोबाइल जमिनीलगत, बाजूला ठेवून मुलाच्या नकळत दोन-तीन मिनिटांचे चित्रण करावे, ते संथ गतीने पाहावे आणि पहिल्या वीस पावलांत किती वेळा टाच आधी किंवा पूर्ण टेकली ते वहीत लिहावे. उपाय सुरू करण्यापूर्वी निदान पाच-सहा वेगवेगळ्या दिवशी, सकाळी आणि संध्याकाळी, अशी नोंद झाली की मगच पहिला क्लिक. त्यानंतरही आठवड्यातून दोनदा तीच मोजणी. चार-सहा आठवड्यांत आकडा हलला नाही, तर पद्धत बदलायची किंवा फिजिओथेरपिस्टकडे परत जायचे. मुलावर खेकसायचे नाही. घरात चार मोठी माणसे असतील तर चौघांनी एकच नियम पाळायचा, आणि ‘टाच टेकव’ हे वाक्य या काळात सगळ्यांनीच तोंडातून काढून टाकायचे. हे शेवटचे मोठ्यांना मुलापेक्षा जड जाते, असा सगळ्या थेरपिस्टांचा सूर असतो.

ज्यांना खासगी तपासणीचा खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात दोषांची, आजारांची, कमतरतांची आणि विकासातल्या विलंबाची तपासणी त्यात विनामूल्य होते. फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणे अपेक्षित असते, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रांची सोय आहे. अंगणवाडी सेविकेला ‘पोरगं टाचा टेकवत नाही’ एवढे सांगितले तरी नोंद व्हायला हवी. तेव्हा वाचकाला विनंती एवढीच: या पुस्तिकेतले पहिले प्रकरण वाचून झाल्यावर ती बाजूला ठेवा, मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे किंवा त्या केंद्रात न्या, सरळ गुडघ्याने घोट्याची मोजणी करून आकडा कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद हाती आल्यावरच दुसरे प्रकरण उघडा.